नवे तंत्र आणि शिक्षकाची धास्ती

प्रश्न : वर्गात डिजिटल फळा आला आहे. अनुभवी शिक्षकाला त्याची भीती का वाटते आणि ती कशी जाते?

उत्तर : या भीतीचे मूळ बहुतेकदा मुलांसमोर अडखळण्याच्या धास्तीत असते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेल्या स्व-क्षमतेच्या सिद्धांतानुसार आत्मविश्वास सर्वाधिक वाढतो तो काम स्वतः पार पाडल्याने. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना पाहून. नुसत्या शाबासकीचा परिणाम लवकर ओसरतो. त्यामुळे मागच्या रांगेत बसून पाहिलेले दिवसभराचे प्रशिक्षण फारसे उपयोगी पडत नाही; व्याख्यात्याचा माऊस भराभर फिरत होता, एवढेच लक्षात राहते.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, शक्यतो शेजारच्या वर्गाच्या बाईंसोबत, एकाच पाठासाठी एकच सोय हाताळून पाहणे जास्त फलदायी ठरते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन करणे ही चांगली सुरुवात. त्यातून उघडणारी चित्रफीत आदल्या दिवशीच डाउनलोड केली, तर नेट गेले तरी तास अडत नाही. वीज जाण्याची शक्यता धरून खडूही हाताशी असावा. वायर जोडण्यासाठी वर्गातल्या मुलांची मदत खुशाल घ्यावी. बहुतेक मुलांना ती जबाबदारी आवडते.