लग्नानंतरचं ग्रीन कार्ड

प्रश्न : आम्ही मूळचे खानदेशातले, आता चलथाणला स्थायिक. मुलीचं लग्न अमेरिकी नागरिकाशी ठरलंय. लग्न होताच तिला तिकडचं नागरिकत्व मिळेल का?

उत्तर : नाही, ताई. आधी विवाहनोंदणीचा दाखला घ्या. तो जोडून जावई आय-१३० अर्ज भरतील. व्हिसाची मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. अमेरिकेत पोचताना लग्नाला २ वर्षं झाली नसतील, तर ग्रीन कार्ड २ वर्षांपुरतं, सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ही अट काढण्यासाठीचा आय-७५१ अर्ज भरायचा. संयुक्त बँकखात्याचे, भाडेकराराचे पुरावे जोडायचे. छळ किंवा घटस्फोट झाल्यास मुलगी एकटीही तो भरू शकते. म्हणून प्रत्येक कागदाची प्रत तिच्या स्वतःच्या ताब्यात असलीच पाहिजे. नागरिकत्वाचा अर्ज त्यानंतरचा.