हलाल नफा आणि उरणचा पैसा

उरण तालुक्यात पैसा एका वाटेने आलेला नाही. १९७० नंतर नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्याच्यामागून गोदामे, ट्रेलर, गॅरेज, खानावळी आल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि लोकलही उरणपर्यंत पोहोचली. जमिनीचे भाव वाढले. त्यामुळे आमच्या दुकानदार आणि कारागीर बंधूंच्या हातीही चार पैसे शिल्लक राहू लागले आहेत, आणि ते कोठे लावावेत हा प्रश्न उभा आहे.

बँकेचे व्याज घ्यायचे नाही, सोने नुसते कपाटात पडून राहते. अशा वेळी कोणीतरी ओळखीचा मनुष्य येतो आणि "हलाल मुनाफा, दरमहा पक्का" असे सांगतो. २०२३ साली उरणच्या पूर्व भागातील गावांत थोड्याच दिवसांत पैसे दुप्पट करून देण्याच्या आमिषाने लोकांचे कोट्यवधी रुपये गोळा झाले आणि प्रकरण पोलिसांत गेले. त्यात धर्माचे नाव नव्हते. बंगळूरच्या आयएमए कंपनीत मात्र होते. व्याजमुक्त गुंतवणूक म्हणून हजारो मुसलमान कुटुंबांनी तेथे पैसा ठेवला आणि जून २०१९ मध्ये कंपनी कोसळली. दोन्हीकडे ठेवीदाराने एक प्रश्न विचारला नव्हता: हा नफा नेमका कोणत्या कामातून येतो?

शरीअतमध्ये व्यापाराला मोकळीक आहे आणि व्याजाला नाही. दोहोंतील फरक नावात नसून नुकसान कोणी सोसायचे यात आहे. मुदारबतचे उदाहरण घेऊ. समजा, फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या एका कारागिराला एका इमारतीच्या खिडक्यांच्या ग्रिलचे काम मिळाले आहे. लोखंड आणि मजुरीसाठी तीन लाख रुपये हवेत. तुम्ही ते दिले आणि नफ्यात तुमचे साठ टक्के, त्याचे चाळीस टक्के असे ठरले. काम संपल्यावर सर्व खर्च जाऊन साठ हजार उरले, तर तुम्हाला छत्तीस हजार आणि त्याला चोवीस हजार. चाळीस हजारांचा तोटा आला तर तो भांडवलवाल्याचा. कारागिराची मेहनत फुकट गेली, हा त्याचा तोटा. त्याने हयगय केली किंवा ठरलेली अट मोडली असेल तर गोष्ट वेगळी. परंतु "मला दरमहा पाच हजार दे, बाकी तुझे" असे ठरवले, तर कागदावर मुदारबत लिहूनही ते व्याजच राहते.

म्हणून भांडवल देणाऱ्याला काम पाहावे लागते. ऑर्डर कोणाची आहे, बिलाचे पैसे किती दिवसांत मिळतात, माल उधारीवर जातो का? करार स्टँप पेपरवर करावा. त्या कामाची वही आणि बँक खाते वेगळे ठेवावे. भावाभावांत कशाला लिखापढी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते भावाभावांतच ती अधिक लागते.

ज्यांना एवढी देखरेख जमत नाही त्यांच्यासाठी शेअर बाजार आहे. शेअर घेणे म्हणजे कंपनीत भागीदार होणे. दारू, जुगार, डुकराचे मांस, तंबाखू, व्याजावर चालणाऱ्या बँका या कंपन्या अशा चाळणीत सरळ गळतात. त्यानंतर कर्ज पाहतात. १९९९ साली सुरू झालेल्या डाऊ जोन्स इस्लामिक निर्देशांकात कंपनीचे कर्ज तिच्या सरासरी बाजारमूल्याच्या ३३ टक्क्यांच्या आत असावे लागते. आपल्याकडे मुंबई शेअर बाजाराने २०१० मध्ये टासिस संस्थेसोबत शरीआ निर्देशांक काढला. टाटा एथिकल आणि टॉरस एथिकल हे म्युच्युअल फंडही आहेत. कंपनीच्या उत्पन्नात थोडे व्याज मिसळलेले असतेच. ते तीन टक्के असेल तर हजार रुपये लाभांशातले तीस रुपये गरिबाला देऊन टाकायचे. या फंडांत बँका नसतात, म्हणून बँकांचे शेअर चढतात तेव्हा हे फंड मागे राहतात. हे आधीच ठाऊक असावे, म्हणजे मग घाबरून विकण्याची वेळ येत नाही.

पण ही चाळणी सर्व काही पाहत नाही. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण-पनवेल भागातील १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा निकाल दिला. भराव आणि कांदळवनांची तोड यांमुळे खाडीतले भरती-ओहोटीचे पाणी अडले, मासेमारीच्या जागा गेल्या, अशी या कुटुंबांची तक्रार होती. भरपाईचा भार बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांच्यात वाटण्यात आला. यांपैकी ओएनजीसीचे शेअर बाजारात कोणालाही मिळतात, आणि तेलाचा धंदा कोणत्याही शरीआ चाळणीत वर्ज्य नाही. म्हणजे धंदा हलाल, कर्ज मर्यादेत, आणि तरीही शेजारच्या कोळीवाड्याच्या रोजीचा प्रश्न बाकीच. दुसऱ्याचे नुकसान करून मिळवलेला नफा आपल्या फिकहमध्येही निर्मळ मानलेला नाही. मात्र ताळेबंदाचे आकडे तपासणाऱ्या चाळणीला तो दिसत नाही.

अशा कंपनीचे शेअर घेऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. शेअर विकून मोकळे झाल्याने मच्छीमाराला काही मिळत नाही. एक शेअर असलेला मनुष्यही वार्षिक सभेत भागधारक म्हणून प्रश्न विचारू शकतो. सभेची सूचना आणि वार्षिक अहवाल त्याच्या नोंदवलेल्या ई-मेलवर येतात, आणि २०२० पासून पुष्कळ सभा ऑनलाइन होत असल्याने दिल्लीला जाण्याचेही कारण उरलेले नाही. बोलण्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते, त्याची तारीख सूचनेतच असते. उरणच्या खाडीवरील कुटुंबांपैकी किती जणांना भरपाई पोहोचली आणि भरावाखालील पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्यासाठी काय केले, हे तेथे नाव देऊन विचारता येते, आणि लेखी उत्तरही मागता येते.