सहलीचे वाहन व त्याचा विमा

व्हॅनमध्ये बिछाना, शेगडी व पाण्याची टाकी बसवून सहकुटुंब प्रवासास निघणारे हौशी लोक आता आपल्याकडेही दिसतात. विमा उतरविताना मात्र त्यांपैकी पुष्कळजण हप्ता किती, एवढेच विचारतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. त्यातून इतरांची हानी भरून निघते. स्वतःची व्हॅन जळाली वा चोरीस गेली, तर छदामही मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमापत्र घ्यावे लागते. त्यातही वाहनाचे मूल्य घसारा वजा करून ठरते. चार वर्षांनंतर ते निम्म्यावर येते. मागाहून बसविलेले सामान स्वतंत्रपणे जाहीर करून जादा हप्ता भरला, तरच विम्यात धरले जाते. असे फेरफार नोंदणी पुस्तकात चढविणेही अगत्याचे आहे.

सर्वांत मोठी चूक वापराबाबत होते. गोव्यात खाजगी वाहन पर्यटकांस परस्पर भाड्याने देण्याचा प्रकार आढळतो. खाजगी विमापत्रात असा वापर वर्ज्य असतो. अपघात झाल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो. इतकेच नव्हे, तर त्रयस्थास दिलेली भरपाई कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. विमापत्र हाती येताच ‘वापराची मर्यादा’ हा मजकूर वाचावा. तो बहुधा बारीक टाईपात असतो.