आधी स्वतःच्या पोटाला लावून बघा

इलिओस्टॉमीनंतर, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढल्यानंतर, त्यावरची मळाची पिशवी बदलायला मला शिकवलं ते आडवं झोपवून. पोट सपाट, वर लख्ख दिवा. शिकवणारी सिस्टर कामाला चोख होती. पिशवी धरणाऱ्या चिकट प्लेटचं भोक स्टोमापेक्षा, म्हणजे पोटावरच्या त्या तोंडापेक्षा, दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा, भोवतीची कातडी कोरडी करून घ्या, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, हे सगळं तिनं बिनचूक सांगितलं. पण ती शिकली होती पुतळ्यावर, आणि पुतळा काही मांडी घालून जेवायला बसत नाही.

घरी पाटावर बसले तशी पोटाला घडी पडली आणि प्लेटची खालची कड सुटली. परकराची नाडीही नेमकी तिथेच काचत होती. लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो, त्यात पाचकरस असतात. तो कातडीला लागला की आग होते, कातडी सोलवटते. मग ओल्या जागेवर नवी प्लेट धरत नाही, पुन्हा गळती, पुन्हा आग. लग्नकार्य सोडाच, शेजारी हळदीकुंकवाला जायचीही भीती वाटू लागली.

दुसऱ्या ठिकाणच्या स्टोमा नर्सनं मला आधी खुर्चीवर बसवलं, मग वाकवलं, मग नेहमीसारखी साडी नेसून यायला सांगितलं. घडी कुठे पडते ते तिनं बोटानं दाखवलं, तिथे पेस्ट भरली आणि नाडी वर बांधायला लावली. गळती थांबली. खरं तर हे बसवून-वाकवून बघणं शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवं, कारण स्टोमाची जागा पोटावर खूण करून ठरवायची असते आणि झोपलेल्या पोटावर घडी दिसतच नाही.

पुढे एका नर्सिंग कॉलेजात मुलींशी बोलायला गेले, तेव्हा तिथे पट्ट्यावर बसवलेला रबरी स्टोमा मुली कमरेला बांधत होत्या. वर खरी प्लेट, खरी पिशवी, आत नाचणीची पातळ आंबील. ते बांधून दिवसभर वर्ग, कँटीन, बस. संध्याकाळी त्यांचे प्रश्न ऐकण्यासारखे होते. बसमध्ये उभं राहिल्यावर कुणाचा धक्का लागला तर? संडासात पिशवी रिकामी करताना पदर कुठे खोचायचा? बाटलीभर पाणी आत न्यायचं राहिलं तर? यातला एकही प्रश्न माझ्या सिस्टरला पडला नव्हता, कारण पडण्याची वेळच तिच्यावर आली नव्हती.

तरीही या मुलींना एक गोष्ट मी स्पष्ट सांगितली. तुमची पिशवी संध्याकाळी सुटते. आंबिलीला मळाचा वास येत नाही, पोटातून आवाज येत नाही आणि मध्यरात्री अंथरूण भरत नाही. म्हणून पट्टा बांधण्याच्या दिवशी वर्गात एक तरी खरा स्टोमाधारक बसलेला असावा. या कामाची सुरुवातच तशी झाली आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी 1958 मध्ये नॉर्मा गिल यांना रुग्णांना शिकवायला नेमलं. त्या परिचारिका नव्हत्या. स्वतः इलिओस्टॉमी झालेल्या रुग्ण होत्या. स्टोमा नर्सिंगचं शिक्षण त्यांच्यापासून सुरू होतं.

आता सेन्सरही आले आहेत. इंग्लंडचे मायकेल सेरेस यांनी आतड्याच्या प्रत्यारोपणानंतर स्वतःच्या पिशवीसाठी, ती भरत आली की फोनवर कळवणारा सेन्सर बनवला. डेन्मार्कच्या कोलोप्लास्ट कंपनीचं ‘हेलो’ प्लेटखालची गळती ओळखून सूचना देतं. चांगली साधनं आहेत. पण पिशवी भरत आली आहे किंवा गळती होते आहे, एवढंच ती सांगतात. गळती का होते, हे पोट बघूनच कळतं.

भाच्यानं मला मनगटावरचं स्मार्ट घड्याळ दिलं आहे. उन्हाळ्यात एकदा ते नाडी वाढल्याचं दाखवत राहिलं, आणि घरातले म्हणाले, उकाड्यानं असेल. खरं कारण पिशवी रिकामी करायच्या मापाच्या भांड्यानं सांगितलं. स्थिरावलेल्या इलिओस्टॉमीतून दिवसाला साधारण 500 ते 800 मिलिलिटर मळ येतो. तो दीड लिटरच्या वर जाऊ लागला, लघवी कमी आणि गडद झाली, तर शरीरातलं पाणी आणि मीठ आटतं आहे. अशा वेळी नुसतं पाणी ढोसून भागत नाही, उलट मळ वाढू शकतो. ओआरएस घ्यावं आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं. विद्यार्थिनींना घड्याळ वाचायला जरूर शिकवा, पण आधी हे भांडं वाचायला शिकवा.

आणि ज्यांच्या घरी नुकतीच ही शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी सुट्टी मिळण्याआधी सिस्टरना संकोच न करता सांगावं: मला बसवून दाखवा, माझे रोजचे कपडे घालून दाखवा, आणि एकदा माझ्या हातानं मला बदलू द्या. तोवर घरी जाण्याची घाई करू नका.