पाठ केलेले शब्द ऐनवेळी का आठवत नाहीत?

प्रश्न : इंग्रजीचे कठीण शब्द रोज पाठ करतो, पण लिहिताना एकही सुचत नाही. काय करावे?

उत्तर : अडचण स्मरणशक्तीची नाही, निवडीची आहे. दुर्मीळ शब्दांच्या मागे लागणारे विद्यार्थी रोजच्या वाचनात लागणारे शब्द मात्र अर्धवटच शिकतात.

न्यूझीलंडच्या भाषातज्ज्ञ अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे 35 लाख शब्दांचे शैक्षणिक लेखन तपासून 2000 साली 570 शब्दकुळांची यादी प्रसिद्ध केली. शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या कुळांनी व्यापलेला असतो. ‘अ‍ॅनालाइझ’ हे त्यातलेच एक कूळ. ‘अ‍ॅनालिसिस’, ‘अ‍ॅनालिस्ट’, ‘अ‍ॅनालिटिकल’ ही त्याचीच भावंडे. यादी वारंवारतेनुसार दहा भागांत विभागलेली आहे, त्यामुळे पहिल्या भागापासून सुरुवात करणेच शहाणपणाचे.

सुटा शब्द मात्र पाठ करू नये. तो कोणाच्या सोबतीने येतो, हे वाक्यासकट वहीत उतरवावे. इंग्रजीत मुसळधार पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नव्हे, आणि हे निव्वळ अर्थ पाठ करून कधीच कळत नाही.

उजळणी अंतराअंतराने हवी : दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. अर्थ झाकून आधी आठवून पाहावा, मगच वही उघडावी. आजच एक इंग्रजी अग्रलेख घ्या आणि त्यातले फक्त पाच शब्द निवडून प्रत्येकाचे स्वतःचे वाक्य लिहा.