साथ, बातम्या आणि वैद्याचे कर्तव्य
३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू झाला. वृत्तवाहिन्यांवरील अखंड बातम्यांनी नागरिक धास्तावले. नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, मास्कचा तुटवडा पडला, कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या रुमालात आल्या.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वायू, उदक, देश व काल यांच्या दुष्टीने जनपदोद्ध्वंस होतो असे सांगितले आहे. सूत्रस्थानात रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास अग्रस्थान दिले आहे. म्हणून साथीत भयनिवारण हाही चिकित्सेचाच भाग होय.

औषधालयचालकांनी गुळवेल-तुळशीचे कल्प ‘हमखास प्रतिबंधक’ म्हणून विकू नयेत. अशा भरवशावर रुग्ण उपचारास विलंब लावतो. धाप, छातीत वेदना, ओठांची निळसरता वा ग्लानी दिसताच वैद्याने त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. भयाचा बाजार मांडल्यास शास्त्राची पत जाते, क्वचित रुग्णाचा प्राणही.