लोकप्रियता आणि लोकप्रतिनिधित्व

निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या सभेस नामवंत चित्रपट कलावंत किंवा क्रिकेटपटू येणार असे जाहीर झाले की मैदान दुपारपासूनच भरू लागते. आसपासच्या गावांतून माणसे येतात, पडद्यावर पाहिलेला चेहरा प्रत्यक्ष पाहतात आणि समाधानाने परततात. मैदान भरले, हे खरे. परंतु गावची पाणीयोजना का रखडली, शाळेस शिक्षक केव्हा मिळणार, कांदा साठविण्याची सोय कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे त्या गर्दीतून किती जण घरी घेऊन जातात? लोकप्रिय व्यक्तींचा मतदारांवरील प्रभाव हा विषय येथून सुरू होतो.

प्रसिद्ध माणसाविषयी आत्मीयता वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मत देणे म्हणजे कौतुक व्यक्त करणे नव्हे. पाच वर्षांसाठी आपल्या वतीने कायदे करण्याचा आणि सार्वजनिक पैशाच्या खर्चावर देखरेख ठेवण्याचा अधिकार सोपविणे, असा त्याचा अर्थ होय.

दक्षिणेतील अनुभव

चित्रपट आणि राजकारण यांचा संबंध सर्वांत ठळकपणे दिसला तो तमिळनाडूत. जानेवारी १९६७ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्यावर गोळीबार झाला. गळ्याला पट्टी बांधलेली त्यांची छायाचित्रे पुढील महिन्यातील निवडणूक प्रचारात सर्वत्र झळकली आणि ते मोठ्या मतांनी निवडून आले. १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. शेजारच्या आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये नवा पक्ष स्थापन केला आणि अवघ्या नऊ महिन्यांत, जानेवारी १९८३ मध्ये, सत्ता मिळविली. राम आणि कृष्ण यांच्या भूमिकांमुळे त्यांची प्रतिमा घराघरांत पोहोचलेली होती.

एवढ्यावरून पडद्यावरील कीर्तीने निवडणूक जिंकता येते, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. रामचंद्रन १९५३ पासून पक्षकार्यात होते आणि त्यांच्या चाहत्यांच्या मंडळांचे जाळे राज्यभर पसरलेले होते. रामाराव यांनी दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याचे ठोस आश्वासन दिले होते. याउलट, तितकेच लोकप्रिय असलेले श्रेष्ठ अभिनेते शिवाजी गणेशन यांनी स्वतःचा पक्ष काढून १९८९ ची विधानसभा निवडणूक लढविली, तेव्हा ते स्वतःही पराभूत झाले. महाराष्ट्रातही मुंबई उत्तर मतदारसंघातून २००४ मध्ये अभिनेते गोविंदा लोकसभेवर निवडून आले. त्याच मतदारसंघात २०१९ मध्ये अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर यांना यश लाभले नाही. मतदार केवळ चेहरा पाहतो, हा समज त्याच्यावर अन्याय करणारा आहे.

एकाच निवडणुकीतील दोन विजय

प्रसिद्ध उमेदवाराची परीक्षा निवडून आल्यानंतर होते. डिसेंबर १९८४ च्या लोकसभा निवडणुकीतील दोन उदाहरणे या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत. अलाहाबाद मतदारसंघात अमिताभ बच्चन यांनी हेमवतीनंदन बहुगुणा यांच्यासारख्या अनुभवी नेत्याचा फार मोठ्या मताधिक्याने पराभव केला. परंतु १९८७ मध्ये, मुदत पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्याच निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघातून सुनील दत्त निवडून आले. १९८७ मध्ये त्यांनी शांततेसाठी मुंबईहून अमृतसरपर्यंत पदयात्रा केली. पुढे त्याच मतदारसंघाने त्यांना एकूण पाच वेळा लोकसभेवर पाठविले आणि २००५ मध्ये निधन झाले तेव्हा ते केंद्रीय मंत्रिमंडळात होते.

दोघेही थोर कलावंत, दोघांनाही लोकांचे प्रेम लाभलेले. तरीही संसदीय जीवनातील त्यांची वाटचाल सर्वस्वी भिन्न झाली. यावरून एवढेच स्पष्ट होते की उमेदवाराची लोकप्रियता त्याच्या भावी कामाविषयी काहीच सांगत नाही, ना बाजूने, ना विरुद्ध. म्हणून ती बाजूस ठेवूनच इतर गोष्टी तपासाव्या लागतात.

कलावंत हाही नागरिकच

कलावंतांनी राजकारणापासून दूर राहावे, असा याचा अर्थ नव्हे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी आपल्या कलेतून लोकजागृती केली. आचार्य अत्रे यांनी लेखणी आणि वाणी त्याच कार्यास वाहिली आणि पुढे ते विधानसभेवरही निवडून आले. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे यांनी सभांतून भाषणे केली. स्वतः मात्र निवडणूक लढविली नाही. या सर्वांनी लोकांसमोर एक विचार मांडला होता. तो पटला तर स्वीकारावा, न पटला तर नाकारावा, हे श्रोत्यांच्या हाती होते. बोलणारा प्रसिद्ध आहे की नाही, यापेक्षा तो काय सांगतो आहे, हे ऐकणे महत्त्वाचे.

संविधानानेही कलावंतांच्या अनुभवाची दखल घेतली आहे. साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील बारा व्यक्तींची राष्ट्रपती राज्यसभेवर नियुक्ती करतात. पृथ्वीराज कपूर, लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर अशा अनेकांना हा मान मिळाला. कलेच्या गौरवासाठी ही स्वतंत्र वाट आहे. प्रत्यक्ष निवडणुकीत मात्र निवड व्हावयाची असते ती प्रतिनिधीची.

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी राजकारणातील विभूतिपूजेविषयी स्पष्ट इशारा दिला होता. व्यक्तीवरील अशी भक्ती देशाला अधोगतीकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, हा त्याचा आशय होता. त्या वेळी तो थोर पुढाऱ्यांच्या संदर्भात होता. आज तो प्रसिद्धीच्या झोतातील प्रत्येक व्यक्तीस लागू पडतो.

प्रसिद्धीची मर्यादा

निवडणूक कायद्यानुसार मान्यताप्राप्त पक्षास चाळीस आणि अन्य नोंदणीकृत पक्षास वीस ‘स्टार प्रचारक’ नेमता येतात. त्यांच्या प्रवासाचा खर्च विहित अटींवर उमेदवाराच्या खर्चात धरला जात नाही. दुसरीकडे, मतदानाचे आवाहन करण्यासाठी निवडणूक आयोगही कलावंत आणि खेळाडूंचे साहाय्य घेतो. २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांना आयोगाने राष्ट्रीय दूत म्हणून नेमले. कोणत्याही पक्षाचे नाव न घेता केलेले हे आवाहन स्वागतार्हच आहे.

तथापि, अशा आवाहनाचीही मर्यादा ओळखली पाहिजे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, नामवंतांचे वास्तव्य असलेल्या मुंबईतील मुंबई दक्षिण मतदारसंघात सुमारे ५० टक्के मतदान झाले. त्याच निवडणुकीत दुर्गम गडचिरोली-चिमूर मतदारसंघात हे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते. मतदार केंद्रापर्यंत येतो तो प्रामुख्याने आपल्या मताचे मोल जाणून.

मतदाराच्या हाती असलेली साधने

पूर्वी उमेदवाराविषयी माहिती मिळविणे कठीण होते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ मध्ये दिलेल्या निर्णयांमुळे ही स्थिती पालटली. आता प्रत्येक उमेदवारास नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावे लागते. प्रलंबित फौजदारी खटले, स्वतःची, पती किंवा पत्नीची व अवलंबितांची मालमत्ता, कर्ज व शासकीय देणी, तसेच शैक्षणिक अर्हता यांची माहिती त्यात असते. ही शपथपत्रे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. खोटी माहिती देणे किंवा माहिती दडविणे हा सहा महिन्यांपर्यंत कारावासास पात्र असा गुन्हा आहे.

उमेदवार विद्यमान खासदार किंवा आमदार असल्यास त्याने सभागृहात कोणते प्रश्न विचारले, हे सभागृहाच्या कामकाजावरून कळते. स्थानिक विकास निधीतून कोणती कामे झाली, ही माहिती जिल्हा प्रशासनाकडून २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्याने मागविता येते. एकही उमेदवार योग्य वाटला नाही, तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय २०१३ पासून मतदान यंत्रावर उपलब्ध आहे.

शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य

ही साधने मतदारापर्यंत पोहोचविण्याचे काम गावपातळीवरच होऊ शकते. शासकीय अधिकारी आणि शिक्षक यांच्यावर निःपक्षपातीपणाचे बंधन आहे. कोणास मत द्यावे, हे त्यांनी सांगावयाचे नाही. परंतु मत कसे ठरवावे, हे सांगण्यास कोणतीही आडकाठी नाही. शाळा-महाविद्यालयांत २०१८ पासून मतदार साक्षरता मंडळे सुरू करण्यात आली आहेत. तेथे नमुना २६ चा कोरा अर्ज विद्यार्थ्यांसमोर ठेवून त्यातील प्रत्येक रकाना कशासाठी आहे, हे समजावून देता येईल. आपल्या गावाच्या तीन निकडीच्या गरजा लिहून त्यांवर उमेदवारास विचारावयाचे प्रश्न तयार करणे, हाही उत्तम पाठ ठरेल. तो घरी गेला की थोरांपर्यंत आपोआप पोहोचतो.

पंचायत सदस्य स्वतः निवडणुकीतून आलेले असतात. गावात मत मागणाऱ्याला प्रत्येक घर ओळखते. त्याने विहिरीचे काम केले की नाही, हे सर्वांना ठाऊक असते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मतदार जी चौकसबुद्धी वापरतो, तीच विधानसभा आणि लोकसभेच्या निवडणुकीत वापरावी, एवढीच अपेक्षा आहे. ग्रामसभेत त्यांनी आपल्या कामाचा हिशेब स्वतःहून मांडला, तर मोठ्या पदावरील व्यक्तींनाही तसाच हिशेब विचारण्याची सवय लोकांना लागेल.

आवडत्या कलावंतास पाहण्यासाठी सभेस अवश्य जावे, टाळ्याही वाजवाव्यात. मतदान केंद्रात शिरताना मात्र त्या टाळ्यांचा आवाज बाहेर ठेवावा. तेथे मतदार एकटा असतो आणि त्याचा निर्णय त्याच्या स्वतःच्या माहितीवर उभा असावा लागतो.